मुंबई विमानतळावरून घरी: टॅक्सी ठरवण्याआधी हे वाचा

मुंबईत विमानातून उतरलं की सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत "गाडी पाहिजे का, साहेब?" सुरू होतं. त्याला हो म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहा: आपण कुठल्या टर्मिनलवर आहोत आणि घड्याळात किती वाजलेत. मुंबईत कशाने जायचं हे अंतरापेक्षा वेळेवर ठरतं. सकाळी अकराला जो रस्ता शहाणपणाचा असतो, तोच संध्याकाळी सातला मूर्खपणाचा ठरतो.

१. आधी टर्मिनल

टी-१ विलेपार्ले पूर्वेला आहे आणि टी-२ सहारला, अंधेरी पूर्वेकडे. धावपट्ट्या त्याच असल्या तरी दोन्ही टर्मिनलांमध्ये रस्त्याने काही किलोमीटरचं अंतर आहे. जुनी मंडळी अजूनही 'डोमेस्टिक' आणि 'इंटरनॅशनल' म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. टी-२ वरून देशातली विमानंही सुटतात, आणि इंडिगोसारखी कंपनी तर दोन्हीकडून उडते. टॅक्सीवाल्या काकांना 'डोमेस्टिकला घ्या' म्हणालात तर ते बिनदिक्कत टी-१ ला नेऊन सोडतील आणि तुमचं विमान सहारला उभं असेल. म्हणून तिकिटावर छापलेला आकडाच सांगा.

आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. तिथला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तो उलवे-पनवेलच्या बाजूला आहे, सहारपासून खाडीच्या पलीकडे. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. घ्यायला येणाऱ्या माणसालाही हे आदल्या दिवशीच कळवा.

२. दिवसा उतरलात तर आधी मेट्रो ३

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानकं आहेत. टी-१ आणि टी-२ या दोन्ही टर्मिनलांना स्वतंत्र स्थानक आहे, मध्ये फक्त सहार रोड. म्हणजे चुकून दुसऱ्या टर्मिनलवर पोचलात तरी मेट्रोने परत येता येतं, रस्त्यावरच्या गर्दीत अडकायला नको. तिकीट अंतरानुसार १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत.

गाडी पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या आसपास शेवटची सुटते. टर्मिनल ते फलाट ही चाल गृहीत धरा. स्थानकं खोल आहेत, सरकते जिने एकामागून एक लागतात, आणि मोठी बॅग असेल तर लिफ्ट शोधणंच बरं. भुयारात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, तिकीट वरच काढून ठेवा. 'मुंबई वन' ॲपवर मेट्रो, लोकल आणि बेस्ट बसची तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात.

पुढची गाडी पकडायची असेल तर नकाशावरची नावं नीट बघा. सीएसएमटी सरळ आहे. मुंबई सेंट्रलसाठी 'जगन्नाथ शंकरशेट' स्थानकावर उतरायचं, नकाशावर मुंबई सेंट्रल शोधत बसाल तर सापडणार नाही. दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला आहे, रेल्वे स्टेशनला अगदी चिकटून नाही. बॅगा ओढत गर्दीतून चालावं लागतं, त्यामुळे गाडीला पुरेसा वेळ असेल तरच हा मार्ग घ्या.

३. ठाणे, डोंबिवली, कल्याणकरांसाठी

मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो तो हा रस्ता, आणि फार कमी लोक तो घेतात. टी-२ वरून मेट्रो ३ ने आरेच्या दिशेला एकच स्थानक जायचं: मरोळ नाका. तिथे जमिनीखालून थेट उंच पुलावर चढून मेट्रो १ पकडायची. ती साकीनाका, असल्फा, जागृतीनगर करत घाटकोपरला जाते, आणि घाटकोपरला मध्य रेल्वेची लोकल. घाटकोपरला मेट्रोतून उतरलात की लोंढाच तुम्हाला रेल्वेच्या पुलावर नेतो. तिथे थांबायला जागा नसते, म्हणून लोकलचं तिकीट आधीच काढलेलं असावं.

पण हे सकाळी किंवा दुपारी. संध्याकाळी साडेपाच ते नऊ अंधेरीकडून घाटकोपरला जाणारी मेट्रो तुडुंब असते, आणि पुढची कल्याण लोकल त्याहून वाईट. त्या वेळी दोन बॅगा घेऊन आत शिरणं म्हणजे स्वतःचे आणि दुसऱ्यांचे हाल. तेव्हा टॅक्सीच करा, पैसे जातील पण हाडं शाबूत राहतील.

४. लोकल

टी-१ ला सर्वांत जवळचं स्टेशन विलेपार्ले, पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत. बोरिवली-विरारकडे जायचं तर अंधेरीहून फास्ट धरा. वाशी, बेलापूर, पनवेलसाठी अंधेरीहून हार्बरची पनवेल लोकल आहे, बदलण्याची कटकट नाही. सकाळी आठ ते अकरा चर्चगेटकडे आणि संध्याकाळी विरारकडे सामान घेऊन लोकलच्या वाटेला जाऊ नका. महिला प्रवाशांनी फलाटावर चढण्याआधी महिला डबा कुठे येतो ते विचारून घ्यावं, ऐनवेळी धावपळ होते.

५. टॅक्सी, रिक्षा आणि पावती

मध्यरात्री उतरलात, सोबत आई-बाबा आहेत, किंवा चार बॅगा आहेत, तर वरचं सगळं विसरा. प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आतच असतो. नाव, ठिकाण, बॅगा सांगा, पैसे भरा, पावतीवर गाडी नंबर येतो. पावती हातातच ठेवा आणि घराच्या दारात सामान उतरल्यावरच चालकाला द्या. पावती गेली की तुमच्याकडे हिशेबाचा कागद उरत नाही, आणि "पुढच्या गल्लीत यायचं तर जास्त लागतील" हे संभाषण तिथूनच सुरू होतं.

ॲपची गाडी मागवली असेल तर टी-२ ला ती दारात येत नाही, पार्किंगच्या इमारतीत जावं लागतं. आधी तिथे पोचा, मग गाडी बुक करा, नाहीतर चालक फोन करत राहतो आणि तुम्ही लिफ्ट शोधत राहता.

मीटरने जायचं तर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरपेक्षा पंचवीस टक्के जास्त घेतात, ते कायदेशीर आहे, भांडू नका. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे जात नाही. दादरला रिक्षा मागणारा माणूस बाहेरगावचा आहे हे लगेच कळतं.

६. परतताना

आत जायला तिकीट आणि ओळखपत्र लागतं, पोचवायला आलेल्या नातेवाइकांना दारातच निरोप द्यावा लागतो. देशातल्या विमानाला दोन तास, परदेशी विमानाला तीन तास आधी. देशातल्या प्रवासासाठी डिजियात्रा हे चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप घरीच भरून ठेवलं तर दारातली रांग कमी होते. रिक्षाने टी-२ ला येत असाल तर ती वरच्या प्रस्थानाच्या रॅम्पवर चढू शकत नाही. खाली उतरून लिफ्टने वर जायचं, त्यासाठी दहा मिनिटं जास्तीची ठेवा. आणि नवी मुंबईहून उडत असाल तर दक्षिण मुंबईतून अटल सेतू हा सरळ रस्ता आहे, टोल मात्र लागतो.