संशोधनाची बातमी वाचून गोळी बदलताय? हृदय आणि मधुमेहाच्या बाबतीत या चुका टाळा

बातमी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी गोळी बंद केलेली असते. ‘स्टेंट घालून उपयोग नाही’, ‘साखर फार कमी केली तर मृत्यूचा धोका वाढतो’, ‘या गोळीने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले’. गंमत म्हणजे या तिन्ही मथळ्यांमागे खरोखरच मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या आहेत. फक्त चाचणी कुणावर झाली, तुलना कशाशी झाली आणि शेवटी मोजलं काय, एवढं सगळं वाटेत गळून जातं आणि मथळा तेवढा घरोघरी पोचतो.

नुसता टक्का ऐकून भुलणं

३८ टक्क्यांपासूनच सुरुवात करू. ही बातमी एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळीची. २०१५ मध्ये आलेल्या एम्पा-रेग चाचणीत सात हजारांवर रुग्ण होते आणि साधारण तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. प्लासिबो, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने ५.९ टक्के रुग्ण दगावले. खरी गोळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के. ५.९ चे ३.७ झाले म्हणजे ३८ टक्के घट, हा हिशेब बरोबरच आहे. पण तोच हिशेब असाही मांडता येतो, की शंभर जणांनी तीन वर्षं गोळी घेतली तर त्यातल्या सुमारे दोघांचा मृत्यू टळला. शंभरात दोन हा हृदयरोगाच्या औषधांत उत्तम आकडा आहे, त्याला कमी लेखू नका. मात्र या चाचणीतल्या रुग्णांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासूनच होता. ज्याला असा काही आजार नाही आणि मधुमेह दोन वर्षांपूर्वी निघालाय, त्याच्या बाबतीत शंभरातले दोन होणार नाहीत, कारण त्याचा मुळातला धोकाच कमी आहे.

दुसरी बाजूही शंभराच्याच मापाने बघावी. त्याच चाचणीत जननेंद्रियांच्या जागी बुरशीसारखा संसर्ग प्लासिबो गटात शंभरात दोघांना झाला, तर गोळी घेणाऱ्यांत शंभरात सहांना. जाहिरातीत फायदा टक्क्यांच्या घटीत येतो आणि तोटा बारीक अक्षरात. डॉक्टरांना एकच विचारा: ‘माझ्यासारख्या शंभरांत किती जणांचा फायदा, आणि किती वर्षांत?’

रिपोर्ट सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असं धरून चालणं

ही चूक रुग्णांआधी डॉक्टरांनी केलेली आहे, आणि तिची किंमत फार मोठी होती. हार्ट अटॅक येऊन गेल्यावर ज्यांच्या ईसीजीत जादा ठोके दिसतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे १९८०च्या दशकात माहीत होतं. मग जादा ठोके बंद पाडले की मृत्यू टळेल, हा तर्क कुणालाही पटेल असाच होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते काम चोख करत. अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी सुरू झाली तेव्हा अर्ध्या रुग्णांना औषधाशिवाय ठेवणं अन्यायाचं आहे, असंही काहींना वाटत होतं. चाचणीत घेतले तेही असेच रुग्ण, ज्यांचे जादा ठोके औषधाने कमी होतात हे आधी तपासून पाहिलं होतं.

सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. ईसीजी छान दिसत होता आणि माणसं दुपटीहून जास्त मरत होती. १९९१ मध्ये सविस्तर निकाल छापून आले. औषधाच्या वापराबद्दल ‘तर्काला पटतं’ एवढ्यावर भागत नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना त्या आकड्यांनी शिकवलं.

तरी हा मोह सुटत नाही. टॉर्सेट्रॅपिब नावाचं औषध ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ७० टक्क्यांहून जास्त वाढवायचं. रिपोर्ट बघून कुणीही खूश व्हावं. पंधरा हजार लोकांवरची त्याची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली: औषधाच्या गटात ९३ मृत्यू, दुसऱ्या गटात ५९. म्हणून ‘एचडीएल वाढवणारा काढा’ किंवा ‘साखर १५ दिवसांत नॉर्मल’ असं कुणी सांगू लागलं, की विचारायचं ते हेच: अटॅक कमी झाले का? मृत्यू? पक्षाघात? डायलिसिस? एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आणि रक्तदाब या आकड्यांवर आपण विसंबतो, कारण ते कमी केल्याने अटॅक आणि पक्षाघात कमी होतात हे वेगवेगळ्या औषधांच्या कितीतरी चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. प्रत्येक आकड्याला तो मान मिळत नाही.

चाचणीत कोण होतं, ते न बघणं

‘साखर फार कमी करू नका’ ही बातमी अकॉर्ड चाचणीची. दहा हजारांवर रुग्ण. त्यातल्या अर्ध्यांचा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, बाकीच्यांचा ७ ते ७.९ मध्ये ठेवला. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक नियंत्रणाचा भाग थांबवला, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३. हे वाचून पस्तिशीतला, नुकताच मधुमेह निघालेला तरुण म्हणतो, ‘मग माझी ८.५ असली तरी चालेल.’ अहो, नाही चालणार. अकॉर्डमधले रुग्ण सरासरी बासष्ट वर्षांचे होते, त्यांचा मधुमेह दहा वर्षं जुना होता, आणि हृदयरोग आधीच होता किंवा त्याचा धोका मोठा होता.

त्याच २००८ साली ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. तिथले रुग्ण नव्याने निदान झालेले होते. सुरुवातीला ज्यांची साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात चाचणी संपल्यावर दहा वर्षांनीही हार्ट अटॅक आणि मृत्यू कमी दिसले. दोन गटांतल्या साखरेचा फरक तर चाचणीनंतर वर्षभरातच पुसला गेला होता. दोन्ही चाचण्या एकमेकींना खोडत नाहीत. त्या वेगळ्या माणसांबद्दल बोलतात. पस्तिशीतल्या तरुणाने यूकेपीडीएसकडे बघावं आणि बायपास झालेल्या त्याच्या सत्तरीतल्या आजोबांनी अकॉर्डकडे.

आणि आपली शरीरं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी कुठे जाडा आहे, मला कशाला मधुमेह होईल’ म्हणणाऱ्या प्रत्येक सडपातळ मराठी माणसाने तो फोटो एकदा बघावा.

उपचारांतही फरक पडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आहार-व्यायामाने वाचवता येतं का, यावर अमेरिकेत २००२ मध्ये आलेलं उत्तर होतं, धोक्यात ५८ टक्के घट. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर तसाच अभ्यास केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ४०.५, आणि दोन्ही करणाऱ्यांत ३९.५. म्हणजे आपल्याकडे मुळातला धोका जास्त, घट त्यांच्यापेक्षा कमी, आणि गोळीची भर घालून काही हाती लागलं नाही. तिकडचे लोक आपल्यापेक्षा बरेच जाड होते आणि तिथे मेटफॉर्मिनचा डोसही मोठा होता, हे लक्षात ठेवूनच दोन आकडे शेजारी ठेवावेत.

‘स्टेंट निरुपयोगी’ हा निष्कर्ष सरसकट लावणं

सगळ्या चुकांत जीवघेणी ही. २००७ ची करेज आणि २०१९ मध्ये जाहीर झालेली इस्केमिया या चाचण्यांनी दाखवलं, की हृदयाच्या धमन्यांचा आजार स्थिर असेल तर औषधांच्या जोडीला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) किंवा बायपास लगेच केल्याने पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कमी होत नाहीत. इस्केमियात पाच हजारांवर रुग्ण होते आणि त्यांत भारतातलेही होते. निकाल महत्त्वाचा आहे. ‘ब्लॉकेज ८० टक्के, उद्याच करून टाका’ असं घाबरवलं गेलं, तर छातीत न दुखणाऱ्या, स्थिर रुग्णाला दुसरं मत घेण्याइतका वेळ असतो, हे या चाचण्यांमुळे ठामपणे सांगता येतं.

पण मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाचं पंपिंग फार घटलेले, नुकताच अटॅक आलेले किंवा औषधं घेऊनही सोसत नाही इतकं दुखणारे रुग्ण इस्केमियात घेतलेच नव्हते. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासनंतर जास्त आराम पडला, हेही त्याच चाचणीत आहे. चालू अटॅकमध्ये बंद धमनी लवकरात लवकर उघडली तर जीव वाचतो, हे वेगळ्या चाचण्यांनी केव्हाच सिद्ध केलंय. छातीवर दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, असं काही झालं तर फॉरवर्ड आठवत बसू नका आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन वाटही बघू नका. १०८ ला फोन करा.

मोजण्यातला घोळ

२०१५ ची स्प्रिंट चाचणी सांगते की वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणला तर अटॅक, हार्ट फेल्युअर आणि मृत्यू कमी होतात. तिथे रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून मशीनने तीनदा मोजून सरासरी काढत. आपल्याकडे जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून, ‘काय म्हणता काका’ अशा गप्पा मारत पट्टा गुंडाळतात. अशा घाईत आलेल्या १३८ वर स्प्रिंटचं लक्ष्य लावलं की औषध जास्त होतं, आणि चक्कर येऊन पडणं, मूत्रपिंडावर ताण हे त्याच चाचणीत कडक गटात जास्त होते. शिवाय मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले लोक स्प्रिंटमध्ये नव्हते. घरी मोजताना लघवीला जाऊन या, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, उघड्या दंडावर पट्टा आणि तोंड बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

एचबीएवनसी आणि ग्लुकोमीटर जुळत नसतील तर मशीनला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन बघा. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर एचबीएवनसी खोटा चढा येऊ शकतो. उलट सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो फसवा कमी दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेल काही नवलाचा नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर जास्त विश्वासाची.

त्रासाचा दोष लगेच गोळीवर टाकणं

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, हिने अंग दुखतं म्हणून बंद करणारे खूप. २०२० च्या सॅमसन चाचणीत असेच ६० जण घेतले होते. त्यांना चार महिने स्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, अंग खरंच दुखत होतं, पण कारण औषधात नव्हतं. स्वतःचे आकडे बघितल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. क्वचित स्नायूंना खरी इजा होते, तेव्हा लघवी गडद होते, अंगातली ताकद जाते. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चाचणीत भाग घ्या म्हटल्यावर घाबरून पळणं, किंवा न वाचता सही करणं

भारतात अशा चाचण्यांची नोंदणी जून २००९ पासून सक्तीची आहे. सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की कुणाला घेणार, कुणाला नाही, काय मोजणार हे सगळं दिसतं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, त्यावर नीतिमत्ता समितीचा फोन नंबर आहे का बघा. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च तुमच्यावर पडत नाही, भरपाईही तुम्हाला मिळते, आणि मधेच बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला थांबवता येत नाहीत.