करडई पेरताय? तारखेपेक्षा ओल बघा

मराठवाड्यात पाऊस काही सगळीकडं सारखा नसतो, तिकडं किनवट-माहूरला धो धो अन् इकडं आष्टी-पाटोद्यात पोळा झाला तरी आभाळाकडं बघत बसायचं, त्यामुळं शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्यानं पेरली म्हणून आपण पेरायची हे काय खरं नाही. कोरडवाहू असंल तर सप्टेंबरच्या शेवटी ओल हाय तोवर पेरून मोकळं व्हा. मूठभर माती दाबून बघा, लाडू वळला पाहिजे. एकरी ४-५ किलो बी बास, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर ठेवा, अन् उगवल्यावर १०-१५ दिवसांत विरळणी, म्हंजी दाट झालेली रोपं उपटून काढणं, कराच, दोन झाडांत वीतभर अंतर, हे काम लोक लई टाळतात. पाऊस जास्त झालेल्या भागात पाणी साचणारं रान करडईला देऊच नका, मर रोग लागतो अन् झाडं वाळतात. पाणी द्यायचंच तर जमिनीला भेगा पडायच्या आधी हलकं द्या. पेरणी लांबली की मावा, म्हंजी रस शोषणारी बारीक कीड, आलाच समजा, तो आधी बांधाकडच्या झाडांवर दिसतो, म्हणून चक्कर तिथूनच सुरू करा. वाण? परभणी कुसुम आपल्याकडं जुनाच हाय, काटे मात्र सांभाळा.