गोळी तीच, वेळ तीच, तरी पातळी का ढळते? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेताना

प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन सुरू झालं की औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लवकरच तोंडपाठ होतात. पण अवयव वाचतो तो रक्तात औषध किती आहे यावर, आणि ही पातळी एकही गोळी न चुकवता वरखाली होऊ शकते. ती घसरली की शरीर नव्या अवयवावर उलटतं. ती चढली की मूत्रपिंडाला इजा होते, हात थरथरतात, रक्तदाब आणि साखर वाढते. गैरसोय अशी की यातलं पुष्कळसं सुरुवातीला जाणवतच नाही. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्याला काहीच त्रास नसतो आणि तपासणीत मात्र क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं. म्हणून ‘बरं वाटतंय’ हा निकष इथे चालत नाही.

दिवसातून दोनदा घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या दोन डोसांत १२ तासांचं अंतर ठेवा. सकाळी ८ आणि रात्री ८ ही वेळ बहुतेकांना झेपते. अन्नासोबत हे औषध कमी शोषलं जातं, त्यामुळे ते सहसा जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ ते ३ तासांनी घेतात. तुम्हाला वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळा, मात्र रोज एकाच पद्धतीने.

पातळीसाठी रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घेऊ नका. आदल्या रात्रीच्या डोसनंतर सुमारे १२ तासांनी, पुढचा डोस घेण्याच्या आत रक्त द्यायचं असतं. गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्याबरोबर घ्या. सवयीने आधीच घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगा. ते लपवलं तर अहवालात पातळी खोटी जास्त येते, डॉक्टर डोस कमी करतात आणि खरी पातळी धोक्याइतकी खाली जाते.

डोस विसरलात आणि थोड्याच वेळात आठवलं तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीही घेऊ नका. गोळीनंतर उलटी झाली तर ती किती मिनिटांनी झाली ते लिहून ठेवा आणि प्रत्यारोपण विभागाला फोन करा. पुन्हा घ्यायची की नाही, ते त्यावर ठरतं.

स्ट्रिप घेतल्यावर दुकानातच तीन गोष्टी पाहा: औषधाचं नाव, कंपनी, आणि गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी. दिवसातून एकदा घ्यायचं टॅक्रोलिमस आणि दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस एकमेकांच्या जागी चालत नाहीत, मिलिग्रॅम सारखे दिसले तरी. कंपनी बदलावीच लागली तर आधी डॉक्टरांना कळवा आणि पातळी पुन्हा तपासून घ्या. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचेही दोन प्रकार आहेत. मोफेटिल प्रकाराचे ५०० मिलिग्रॅम हे सोडियम प्रकाराच्या ३६० मिलिग्रॅमच्या बरोबरीचे असतात, त्यामुळे आकडा पाहून अदलाबदल केली तर डोस चुकतो.

सर्वात जास्त घोळ होतो तो दुसऱ्या आजाराच्या औषधांमुळे. घसा बसला म्हणून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल, रक्तदाबाचं डिल्टियाझेम ही औषधं टॅक्रोलिमसचं विघटन करणारं एन्झाइम रोखतात आणि पातळी वाढवतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन नेमकं उलट करतात. ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात ही भर पडते. मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असलेलं अ‍ॅन्टासिड मायकोफेनोलेटचं शोषण घटवतं, म्हणून दोन्हींत किमान २ तास सोडा. प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ चूर्णं आणि काढे तर तुमच्या उपचाराच्या थेट विरोधात जातात.

जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी पडेल असं वाटतं, पण अनेकदा ती चढते. दिवसभर जुलाब चालू राहिले तर पाणी पुरेसं पोटात जातंय ना याकडे लक्ष ठेवा आणि पातळी तपासायची का ते विचारा.

संधिवात, ल्यूपस, सोरायसिस अशा आजारांत औषधं वेगळी आणि चुकाही वेगळ्या. यात सगळ्यात जीवघेणी चूक मेथोट्रेक्सेटची आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, मृत्यूही येऊ शकतो. वार ठरवा, चिठ्ठीवर तो वार पूर्ण अक्षरांत लिहून घ्या, घरात एकाच मिलिग्रॅमची गोळी ठेवा आणि त्यासोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाची स्ट्रिप वेगळ्या डब्यात. कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाशी त्याची जोडी घातक ठरते. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना गाउटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिलं गेलं तर गोळी तोंडात टाकण्याआधी फोन करा. दोन्ही पूर्ण डोसमध्ये एकत्र आली तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा भाग) दबते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी, अन्नानंतर. आठवडेच्या आठवडे घेतल्यावर ते एकदम थांबवू नका, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (तसंच काम करणारं नैसर्गिक संप्रेरक) बनवणं कमी केलेलं असतं. घरी टोचायची बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेल्या प्रथिनांची) इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. गोठलेलं इंजेक्शन फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. ताप किंवा संसर्ग असेल तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी विचारा.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकातून देण्याची फ्लूची लस अशा जिवंत लसी सहसा टाळतात. टोचायची, निष्क्रिय फ्लूची लस चालते आणि घ्यावी. मूल हवं असेल तर आधीच बोला. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत आणि ती बदलायला वेळ लागतो.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला की त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना कळवा. पॅरासिटॅमॉल घेऊन वाट पाहू नका. स्टेरॉइड चालू असेल तर मोठ्या संसर्गातही ताप कमीच दिसू शकतो, म्हणून थंडी वाजणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, नव्या अवयवाच्या जागी दुखणं यांनाही तितकंच महत्त्व द्या. फोन करताना औषधांची यादी, शेवटचा डोस कधी घेतला ती वेळ आणि शेवटच्या तपासणीतली पातळी व क्रिएटिनिन हाताशी ठेवा. पलीकडचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो.