शंभर वर्षांपूर्वीचे पेटंट शोधावे कसे, वाचावे कसे

नागपुरात मार्च लागला की गल्लोगल्लीच्या छोट्या कारखान्यांत कूलरचे पत्रे वाकवण्याचे आणि वाळ्याच्या ताट्या भरण्याचे काम सुरू होते. या कामात मुरलेल्या कारागिराला पाणी वाचवण्याची किंवा आवाज कमी करण्याची एखादी युक्ती सुचते आणि मग तो विचारतो, याचे पेटंट मिळेल का? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही प्रकल्पाच्या निमित्ताने हाच प्रश्न पडतो. अशा प्रत्येकाला मी आधी जुने कागद पाहायला सांगतो, त्यातही १९०० ते १९३० या काळातले पेटंट अर्ज. रोजच्या वापरातल्या पुष्कळ यंत्रांची मूळ रचना याच काळात कागदावर आली. त्यांतले बरेचसे अर्ज मोजक्या पानांचे आहेत, आकृत्या हाताने काढलेल्या आणि सुस्पष्ट आहेत, आणि मुदत केव्हाच संपलेली असल्यामुळे त्यांत सांगितलेली वस्तू, जशी सांगितली आहे तशी, आज कोणीही बनवू शकतो. मात्र जे तिथे सांगून झाले आहे, त्यावर नव्याने पेटंट मिळत नाही. म्हणून स्वतःचा अर्ज लिहिण्याआधी हे वाचन टाळू नये.

शोधाची सुरुवात

गूगल पेटंट्स आणि युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट ही दोन संकेतस्थळे विनामूल्य आहेत आणि या कामाला तेवढी पुरतात. क्रमांक ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. अमेरिकी पेटंटच्या क्रमांकापुढे देशाची दोन रोमन अक्षरे (‘यूएस’) जोडून, स्वल्पविराम न देता तो टंकावा. ब्रिटिश पेटंटांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते, कारण १९१५ अखेरपर्यंत तिथले क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होत असत. एकच क्रमांक अनेक वर्षांत सापडतो, म्हणून वर्ष जोडल्याशिवाय तो निरुपयोगी ठरतो. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांच्या निर्वात नळीचे ब्रिटिश पेटंट १९०४ सालचे २४८५० क्रमांकाचे आहे. ते शोधताना देशाची अक्षरे (‘जीबी’), मग १९०४, मग २४८५० असे सलग लिहावे. १९१६ पासून तिथे १,००,००१ पासून पुढे अखंड क्रमांक सुरू झाले, त्यामुळे त्यानंतरची अडचण उरत नाही.

क्रमांक माहीत नसेल, आणि बहुतेक वेळा तो नसतोच, तेव्हा नवा शोधक शब्द टाकून पाहतो आणि हात हलवत परत येतो. याची दोन कारणे आहेत. एक तर जुन्या छापील पानांवरून यंत्राने वाचून घेतलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. दुसरे असे, की त्या काळी वस्तूंची आजची नावे रूढच झालेली नव्हती. आपण जिला झिप म्हणतो, तिचे गिडियन सुंडबॅक यांना १९१७ साली मिळालेले अमेरिकी पेटंट ‘सेपरेबल फास्टनर’ या नावाने आहे. मेरी अँडरसन यांचे १० नोव्हेंबर १९०३ चे पेटंट काचेवरच्या वायपरचे आहे, पण त्याचे शीर्षक ‘विंडो क्लीनिंग डिव्हाइस’ असे आहे आणि त्यातली ‘कार’ म्हणजे मुख्यतः विजेवर चालणारी ट्राम. आत बसलेल्या चालकाने दांडी फिरवावी आणि बाहेरचा रबर लावलेला हात काचेवरून झुलत जाऊन बर्फ व पाऊस पुसावा, अशी ती योजना होती. ‘वायपर’ आणि ‘मोटार’ हे शब्द घेऊन बसलेल्याला ती सहजी सापडायची नाही.

म्हणून शब्दांपेक्षा वर्गीकरणावर भिस्त ठेवावी. जुन्या पेटंटांनाही नंतर आंतरराष्ट्रीय वर्गचिन्हे लावली गेली आहेत, आणि हे चिन्ह वस्तूच्या कामावरून ठरते, नावावरून नाही. लिंबू-संत्री पिळण्याच्या घरगुती साधनांसाठी ए४७जे १९/०२, मोठ्या प्रमाणावर फळांचा रस काढण्याच्या यंत्रांसाठी ए२३एन १, सरकी काढण्यासाठी डी०१बी १/०४, हवा थंड करण्याच्या व ओलाव्याच्या यंत्रांसाठी एफ२४एफ, अशी ती चिन्हे आहेत. अर्थात टंकताना अक्षरे रोमन घ्यावीत. चिन्ह ठाऊक नसेल तर आपल्या वस्तूसारखे एखादे अलीकडचे पेटंट उघडावे, त्यावर छापलेले चिन्ह टिपून घ्यावे आणि तेच चिन्ह १९०० ते १९३० ही तारखेची चौकट घालून पुन्हा शोधावे. संत्र्यावर काही करू पाहणाऱ्या नागपूरकराला या एका युक्तीने वाचनाचा मोठा साठा हाती लागेल.

नावावरून शोधायचे असेल तर तत्कालीन इंग्रजी लेखन लक्षात घ्यावे. लंडनमध्ये अक्षरजुळणीच्या खिळे ओतण्याच्या यंत्रावर, म्हणजे ‘भिसोटाइप’वर, अनेक वर्षे खपलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे आडनाव इंग्रजीत शेवटी ‘वाय’ लावून लिहिले जाई. हे माहीत नसेल तर आपल्याच माणसाचे काम डोळ्यांआड राहते.

कागद हातात आल्यावर

आधी मथळा वाचावा. जगदीशचंद्र बोस यांचे अमेरिकी पेटंट ७,५५,८४० समोर ठेवू. त्यावर अर्जाची तारीख ३० सप्टेंबर १९०१ आणि पेटंट मिळाल्याची तारीख २९ मार्च १९०४ आहे. शिवाय बोस कलकत्त्याचे असून त्यांनी निम्मा हक्क केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील सारा चॅपमन बुल यांच्या नावे केला आहे, असेही तिथेच छापलेले आहे. दोन्ही तारखा वेगळ्या टिपाव्यात. कल्पना कोणाची आधी, हे पाहताना अर्जाची तारीख कामाची, तर त्या काळच्या अमेरिकी पेटंटची मुदत मंजुरीच्या तारखेपासून १७ वर्षे मोजली जाई. मेरी अँडरसन यांचे पेटंट म्हणूनच १९२० मध्ये संपले. मोटारींचा खप तोवर पुष्कळ वाढला होता, पण त्यांच्या हाती त्यातून काहीच आले नाही. पेटंट मिळाले म्हणजे वस्तू चालली असे समजू नये, तसेच वस्तू विकली गेली नाही म्हणून कल्पना टाकाऊ होती असेही समजू नये.

यानंतर आकृतीचे पान कागदावर छापून घ्यावे. पडद्यावर वर्णन आणि आकृती यांत मागे-पुढे करताना धागा तुटतो. वर्णनात जो भाग येईल त्याचा क्रमांक किंवा अक्षर आकृतीत शोधून त्यावर रंगीत पेन्सिलीने खूण करावी आणि शेजारी आपल्या भाषेत नाव लिहावे: कप्पी, दट्ट्या, तरफ, झडप, जे असेल ते. शेवटी एखादा भाग रंगवायचा राहिला, तर वर्णन वाचताना आपलेच काही निसटले आहे असे धरून परत वाचावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण लेथवर काम करणाऱ्या माणसाला यात फार लवकर गोडी लागते, असा माझा अनुभव आहे.

विलिस कॅरियर यांचे अमेरिकी पेटंट ८,०८,८९७ या पद्धतीने वाचून पाहावे. अर्ज १९०४ चा, मंजुरी २ जानेवारी १९०६ ची आणि शीर्षक ‘अ‍ॅपरेटस फॉर ट्रीटिंग एअर’, म्हणजे हवेवर प्रक्रिया करणारे साधन. पंख्याच्या जोरावर हवा एका बोळातून जाते, तिथे तिच्यावर पाण्याचे बारीक फवारे सोडले जातात. इथवर आपल्याला नवल वाटत नाही. पण फवाऱ्यानंतर हवेच्या वाटेत उभ्या पत्र्यांची एक रांग आहे, आणि ते पत्रे सरळ नसून नागमोडी मांडलेले आहेत. हवा वळणे घेत निघून जाते. पाण्याचे थेंब जड असल्यामुळे त्यांना तितक्या चटकन वळता येत नाही, ते पत्र्यावर आदळतात आणि ओघळून खाली उतरतात. हवेतली धूळही याच पाण्याबरोबर धुऊन निघते. पंख्याचा वेग वाढवला की खोलीत तुषार येतात, ही तक्रार नागपूरच्या कूलरवाल्याला रोजची आहे, आणि तिच्यावरचा एक उपाय १९०६ सालच्या कागदावर रेखाटलेला आहे. आपल्या कूलरला असे नागमोडी पत्रे बसवणाऱ्याने ते खुशाल बसवावेत, मात्र ‘वळणाच्या पत्र्यांनी थेंब अडवणे’ ही आपली नवी कल्पना आहे असे अर्जात लिहू नये.

दावे: खरा मजकूर

पेटंटाच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्ये असतात, त्यांना व्यवहारात क्लेम म्हणतात. हक्क मिळतो तो त्या दाव्यांवर. शीर्षक आणि वर्णन त्यांना आधार देण्यापुरते असतात. राइट बंधूंचे पेटंट ८,२१,३९३ पाहिले की हे मनावर ठसते. शीर्षक ‘फ्लाइंग मशीन’, पण आकृतीत इंजिन नाही, कारण अर्ज २३ मार्च १९०३ चा आहे आणि इंजिनाच्या बळावरचे पहिले उड्डाण त्या वर्षीच्या १७ डिसेंबरचे. दावे आहेत पंखांच्या कडा वेगवेगळ्या कोनांत वळवून विमानाचा तोल सांभाळण्याबद्दल, आणि त्याच्या जोडीने सुकाणू फिरवण्याबद्दल. स्वतः लिहिलेला मूळ अर्ज फेटाळला गेल्यावर त्यांनी हेन्री टूलमिन या वकिलाला गाठले, आणि २२ मे १९०६ रोजी एकूण अठरा दाव्यांसह पेटंट मंजूर झाले. ते शब्द इतके विचारपूर्वक निवडलेले होते, की प्रतिस्पर्धी विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी पंख न पिळता सुट्या झडपा वापरल्या तरी १९१४ साली अपील न्यायालयाने निकाल राइट यांच्या बाजूने दिला. माझ्या मते दावा कसा लिहावा हे शिकण्यासाठी याहून चांगला नमुना मिळणे कठीण आहे.

दावा वाचताना त्याचे तुकडे पाडावेत. तो एकच लांबलचक वाक्य असतो, म्हणून प्रत्येक घटक नव्या ओळीवर लिहावा आणि त्यापुढे तो दुसऱ्या कोणत्या घटकाला कसा जोडला आहे ते नोंदवावे. त्या काळच्या दाव्यांच्या शेवटी ‘सब्स्टॅन्शियली अ‍ॅज डिस्क्राइब्ड’ असे शब्द वारंवार येतात. ते दाव्याला वर्णनाशी बांधून ठेवतात. आजच्या अर्जात त्यांची नक्कल करू नये.

भारतातले अर्ज

आपल्याकडचा पहिला अर्ज १८५६ चा. कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता, आणि आपल्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला त्यामागची निकड समजावून सांगावी लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १८८८ चा कायदा चालू होता. पुढे १९११ चा ‘इंडियन पेटंट्स अँड डिझाइन्स अ‍ॅक्ट’ आला, पेटंट नियंत्रकाचे पद निर्माण झाले आणि १९१२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षे होती, १९३० च्या दुरुस्तीने ती १६ झाली. मध्य प्रांतातल्या, म्हणजे नागपूरच्या, अर्जदाराचे कागद कलकत्त्याला जात. आता महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.

१९१२ हे साल आजच्या कायद्यातही जिवंत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १३ परीक्षकाला भारतात १ जानेवारी १९१२ किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांमधील तपशील तपासायला सांगते आणि त्याबरोबरच भारतातली व बाहेरची इतर प्रकाशनेही पाहायला सांगते. कलम २९ असे म्हणते, की केवळ १९१२ पूर्वीच्या भारतीय अर्जात छापले गेले एवढ्याच कारणाने नवी कल्पना जुनी ठरत नाही. ही सवलत फार अरुंद आहे. परदेशी कागदांना ती लागू नाही, त्यामुळे कॅरियर किंवा राइट यांचे कागद आड येणारच.

आपल्या कल्पनेशी ताडून पाहणे

एका कोऱ्या कागदावर डावीकडे आपल्या यंत्राचे घटक एकाखाली एक लिहावेत आणि उजवीकडे सापडलेल्या प्रत्येक जुन्या पेटंटसाठी एक रकाना आखावा. ज्या पेटंटात तो घटक आहे तिथे पान आणि ओळ लिहावी, नुसती बरोबरची खूण करू नये. एकाच रकान्यात सगळे घटक भरले गेले तर कल्पना नवी नाही, हे निमूट मान्य करावे. घटक दोन-तीन रकान्यांत विखुरलेले असतील तर ते एकत्र आणल्याने काही वेगळा परिणाम घडतो का, हे प्रत्यक्ष चालवून, मोजून पाहावे. कलम ३(फ) नुसार, ओळखीची साधने आपापले काम स्वतंत्रपणे करत नुसती शेजारी-शेजारी मांडली, तर तो शोध ठरत नाही. कूलरला दिवा आणि घड्याळ जोडल्याने पेटंट मिळत नाही ते यामुळेच. जो घटक कोणत्याच रकान्यात बसला नाही, त्याच्याभोवती पहिला दावा उभा करावा.

या टप्प्यावर अडल्यास नागपूरकराला दूर जायला नको. पेटंटविषयक माहिती पुरवणारे ‘पेटंट माहिती प्रणाली’ हे सरकारी कार्यालय १९७५ पासून याच शहरात आहे आणि बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तयार केलेला तक्ता बरोबर न्यावा. तो समोर असला की बोलणे लगेच मुद्द्यावर येते.

अर्ज स्वतः करता येतो, एजंट नेमलाच पाहिजे असे बंधन नाही. तोपर्यंत यंत्र कोणत्याही मेळाव्यात मांडू नये आणि त्याची चित्रफीतही कुठे टाकू नये. रचना अजून बदलत असेल तर तात्पुरते तपशीलपत्र, म्हणजे शोधाचे प्राथमिक लेखी वर्णन, दाखल करून तारीख पक्की करून घ्यावी, पण त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशीलपत्र दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. त्यामुळे तात्पुरत्या तपशीलपत्रातही आकृती, भागांचे क्रमांक आणि जोडणीचे वर्णन होईल तेवढे पूर्ण द्यावे, कारण जे तिथे लिहिलेले नाही, त्याला ती आधीची तारीख मिळत नाही.