सोलापूरहून बोस्टनला येताय? पानांचे रंग बघायला कधी, कुठं आणि काय घालून जायचं

ऑगस्टमध्ये मी सोलापूरला आले की आमच्या जुळे सोलापूरच्या घरी एक कार्यक्रम ठरलेलाच, संध्याकाळी कुणाची तरी आई पोराला घेऊन येते, "ह्याचं बोस्टनला ॲडमिशन झालंय, तू जरा सांग की त्याला". यंदा तिघं जण आहेत. प्रश्न सगळ्यांचे तेच, कुकर किती लिटरचा आणू, बॅग २३ किलोच्या वर गेली तर काय, थंडी किती असते. ऑक्टोबरबद्दल कुणीच विचारत नाही. आणि मग ऑक्टोबरमधल्या एखाद्या शुक्रवारी रात्री दहा वाजता ह्याच पोरांचा मेसेज येतो, "ताई, उद्या पानं बघायला जायचंय, कुठं जाऊ?" अरे, तोवर हॉटेलं फुल्ल, भाड्याच्या गाड्या संपलेल्या, पार्किंगचं बुकिंग गेलेलं. म्हणून ह्या खेपेला आईच्या गॅलरीत बसून आत्ताच लिहून टाकतेय.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी ठरवलं की आपण दिवाळीत जाऊ. का, तर सोलापुरात फिरायला जायचं म्हणजे दिवाळीची सुट्टी, डोक्यात तेच कॅलेंडर बसलेलं. ऑक्टोबर संपता संपता आम्ही पाच जणी गाडी करून पार उत्तर व्हरमाँटला गेलो, चार तास ड्राइव्ह, आणि बघतो तर काय, सगळी झाडं खराट्यासारखी उभी. एक पान नाही. तिकडचे लोक त्या दिवसांना स्टिक सीझनच म्हणतात, म्हणजे नुसत्या काड्यांचे दिवस. गंमत अशी की परत येताना बोस्टनच्या जवळ आमच्याच रस्त्यावरची झाडं मस्त रंगलेली होती, आणि आम्ही ती सकाळी अंधारात मागं टाकून गेलो होतो.

तेव्हा डोक्यात बसलं ते हे की आधी तारीख बघायची आणि मग त्या तारखेला रंग कुठं असेल तो डोंगर शोधायचा. आपण उलटं करतो, कुणाच्या तरी इन्स्टावर फोटो बघतो आणि त्या ठिकाणाचं नाव धरून बसतो. रंग हा गाडीसारखा असतो, उत्तरेकडून निघतो आणि खाली येतो, डोंगराच्या माथ्यावरून निघतो आणि दरीत उतरतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की उत्तर व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरचं वरचं टोक, उत्तर मेन. ऑक्टोबरचे पहिले दहा-बारा दिवस व्हाईट माऊंटन्स, म्हणजे न्यू हॅम्पशायरमधली मोठी डोंगररांग. त्यानंतर दक्षिण न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सचा पश्चिम-मध्य भाग, आणि बोस्टनच्या आसपास ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, त्यातही ओकची झाडं नोव्हेंबर लागेपर्यंत टिकतात. वर्षागणिक आठवडाभर इकडंतिकडं होतं, त्यासाठी त्या त्या राज्याच्या पर्यटन खात्याचे फॉलिएज रिपोर्ट, म्हणजे पानांच्या रंगाचे अहवाल, असतात, ते गुरुवारी बघायचे आणि मग शनिवारचं ठरवायचं. पंचांग मात्र बघू नका. अधिक महिना आला की दसरा-दिवाळी पुढं सरकते, झाडाला त्याचा पत्ता नसतो.

हे होतं कसं ते थोडक्यात. आपल्याकडं लिंब पानं टाकतो तो शिशिर संपता संपता, आणि आपल्याकडच्या पानगळीमागं मुख्य कारण पाण्याची ओढ. तिकडं दिवस लहान झाला की झाड थंडीच्या तयारीला लागतं, पानातलं हिरवं द्रव्य मोडायला लागतं, आणि आतला पिवळा-नारिंगी रंग जो उन्हाळाभर होताच तो उघडा पडतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो, पानाच्या देठापाशी वाट बंद होत जाते, साखर पानातच अडकते, त्यातून तो लाल. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा पण बर्फ नाही, असे आठ-दहा दिवस मिळाले तर लाल भडक येतो. ढगाळ, उबदार गेला तर पिवळ्यावर समाधान मानायचं.

झाडं ओळखायला शिका, फार नाही, चार-पाचच. शुगर मेपल हा खरा राजा, एकाच झाडावर पिवळा, केशरी, लाल सगळं. रेड मेपल पाणथळ जागी सगळ्यात आधी लाल होतो. पांढऱ्या खोडाचा बर्च पिवळाधमक. बीच तांब्यासारखा. ओक सगळ्यात शेवटी, विटकरी-तपकिरी. हे कळलं की फायदा काय, समजा तुम्हाला उशीर झाला आणि मेपल गळून गेले, तर ओकचं जंगल कुठाय ते बघून तिथं जाता येतं, ट्रिप वाया जात नाही.

आता डोंगर. आपण सोलापूरचे, आपल्याला डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट, तोही एसटीत बसून चढलेला. त्यामुळं पहिल्याच वर्षी फ्रँकोनिया रिजचा, म्हणजे व्हाईट माऊंटन्समधल्या एका उंच धारेचा, नऊ मैलांचा लूप करायला जाऊ नका, कुणी कितीही म्हणो. त्यात जवळजवळ चार हजार फूट चढ आहे आणि वरचा बराच भाग झाडांच्या रेषेच्या वर उघड्यावर, वारा सुटला तर लपायला जागा नाही. त्याच भागातल्या माऊंट वॉशिंग्टनवर १९३४ साली ताशी २३१ मैल वारा मोजलाय, त्यावरून समजा. शिवाय एक साधी गोष्ट लक्षात घ्या, फार वर गेलं की तिथं पानं नसतातच, खुरटे सूचिपर्णी आणि दगड. रंग बघायचा तर मधल्या उंचीचा डोंगर, ज्याच्या माथ्यावर उघडा खडक आहे आणि खाली दरीभर मेपल-बर्च आहेत, असा हवा.

त्या हिशोबानं माझा सगळ्यात लाडका माऊंट विलार्ड. व्हाईट माऊंटन्समधल्या क्रॉफर्ड नॉच नावाच्या खिंडीत जुन्या रेल्वे स्टेशनपासून वाट सुरू होते, जाऊन-येऊन ३.२ मैल, चढ साधारण ९०० फूट, वाट रुंद, आणि वर गेलं की एकदम खडकाचा सज्जा आणि समोर दोन्हीकडून उतरत आलेली ती अख्खी दरी. आमचे बाबा बासष्टाव्या वर्षी चढले, वर बसून पंधरा मिनिटं काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले "इथं एक चहाची टपरी पाहिजे होती". तिथून जवळपास पर्यटकांची सिनिक रेल्वे जाते, नशीब असेल तर खाली खेळण्यातल्यासारखी दिसते. आर्टिस्ट्स ब्लफ ह्याहून छोटा, दीड मैलाच्या आसपास लूप, इको लेकवरचा तो प्रसिद्ध फोटो तिथलाच, पण गर्दी म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर असते तशी, सात वाजायच्या आत पोचणार असाल तरच. हायवेच्या कडेला गाडी लावून जाऊ नका, उचलून नेतात.

माऊंट मोनॅडनॉक दक्षिण न्यू हॅम्पशायरमध्ये, बोस्टनहून दीड-दोन तास. उंची ३१६५ फूट. व्हाईट डॉट वाटेनं चढायचं, व्हाईट क्रॉसनं उतरायचं, साधारण चार मैल, ऐकायला काही वाटत नाही पण वरचा अर्धा भाग हातपाय टेकून खडकावर चढायचा आहे, चार-पाच तास धरा. पार्किंग ऑनलाइन आधी बुक करायचं, शरदात शनिवारी आयत्या वेळी गेलात तर गेटवरून परत. कुत्र्यांना बंदी आहे, रूममेटचा कुत्रा घरी ठेवा.

गाडी नसलेल्यांनी हिरमुसू नका. ऑरेंज लाइन मेट्रोनं ओक ग्रोव्हला उतरून चालत मिडलसेक्स फेल्सचं जंगल गाठता येतं, तिथल्या टेकड्यांवरून बोस्टनच्या इमारती आणि मध्ये रंगलेली झाडं असं दोन्ही दिसतं. काँकॉर्डला कम्यूटर रेलनं, म्हणजे लोकल गाडीनं, उतरून दीड-एक मैल चाललं की वॉल्डन पाँड, तळ्याला फेरी १.७ मैल, चढ नाहीच, आपल्या सिद्धेश्वर तलावाला फेरी मारल्यासारखं निवांत. दक्षिणेला ब्लू हिल्स. तिथली ग्रेट ब्लू हिल ६३५ फूट, आणि आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांवर, म्हणजे तुमचा तो डोंगर आपल्या नवी पेठेच्याही खाली आला. हसू नका, ऑक्टोबरच्या शेवटी वरून लालसर तपकिरी ओक आणि पलीकडं समुद्र दिसतो.

ज्यांना चालायचंच नाही, आईवडील आलेत, त्यांच्यासाठी न्यू हॅम्पशायरमधला कँकामॅगस हायवे, लिंकन ते कॉनवे साडेचौतीस मैल, मध्ये पेट्रोल पंप एकही नाही, फोनला रेंज नाही, टाकी भरून आणि नकाशा डाउनलोड करून निघा. आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी धरून जो लाँग वीकेंड येतो ना, त्या तीन दिवसांत तिकडं फिरकू नका. एकदा गेले होते, पानांपेक्षा पुढच्या गाडीचे लाल दिवेच जास्त बघितले.

आता कपडे, आणि इथं सोलापूरकरांना वाईट वाटणार. आपण सूतगिरण्यांच्या गावचे, टॉवेल आपला, चादर आपली, पण डोंगरावर कॉटन चालत नाही. कॉटन घामानं भिजलं की वाळत नाही, आणि वर वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतं. मी पहिल्या ट्रिपला जीन्स आणि सुती टीशर्ट घालून गेले होते, माथ्यावर दात वाजत होते. आतून पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ टीशर्ट, त्यावर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. खाली १५ डिग्री असेल तर वर पाच-सहा धरून चाला, आपल्याकडं १५ ला लोक स्वेटर शोधतात! बूट पकड असलेले हवेत, कारण ओल्या पानांखालचा दगड दिसत नाही आणि तेलावरून घसरल्यासारखा पाय जातो, उतरताना जास्त. जाकीट-बूट न्यू हॅम्पशायरच्या आउटलेटमधून घेतलेत तर सेल्स टॅक्स लागत नाही. सोलापुरी चादर मात्र जरूर आणा, गाडीत ठेवायला, उतरून आल्यावर पार्किंगमध्ये अंथरून बसायला.

अजून दोन भानगडी ज्या कुणी सांगत नाही. आम्ही मंडळी दसऱ्याला एकत्र जमतो, आपटा मिळत नाही म्हणून अंगणात पडलेली बर्चची पिवळी पानं सोनं म्हणून देतो. एका वर्षी एकाचा मुलगा कौतुकानं झाडाच्या बुंध्यावरच्या वेलीची सुंदर लाल पानं तोडून घेऊन आला, तीन-तीनच्या झुपक्यातली. पॉयझन आयव्ही. दुसऱ्या दिवशी हात, तोंड सगळं फोडांनी भरलं, आणि ज्यांनी ते सोनं हातात घेतलं त्यांचंही. आजीच्या भाषेत सांगायचं तर बिब्बा उतल्यासारखं, आणि खरंच ती वेल बिब्ब्याच्याच कुळातली आहे. शरदात ती लवकर लालचुटूक होते आणि हात लावायचा मोह होतो. तीन पानांचा झुपका दिसला की लांब, लागलंच तर लगेच साबणानं धुवा, कपडे पण. दुसरं म्हणजे टिक, गोचिडीसारखा पण तिळाएवढा, त्यातून लाइम नावाचा आजार होतो. थंडी पडली म्हणून तो जात नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठे टिक चांगलेच फिरत असतात. पँट मोज्यात खोचा, कितीही गबाळं दिसलं तरी, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, केसांत नीट बघा.

अंधार लवकर पडतो हे नव्या पोरांच्या लक्षातच येत नाही. दहा ऑक्टोबरला सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, महिनाअखेरीस पावणेसहाच्या आत, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागं गेलं की साडेचारला दिवेलागण. दरीत तर त्याच्याही आधी. दुपारी दोनची वेळ ठरवून टाका, माथा आला नसला तरी दोनला परत फिरायचं. हेडलँप प्रत्येकाकडं एक, फोनचा टॉर्च नाही, थंडीत बॅटरी भसकन उतरते. न्यू हॅम्पशायरमध्ये हलगर्जीपणामुळं वाचवायला टीम बोलवावी लागली तर बिल तुमच्या नावावर निघू शकतं. आणि ब्लूटूथ स्पीकर लावून चढू नका बाबांनो, फार लाज वाटते.

टेक्सास, व्हर्जिनियाला जाणारेही एक-दोन विचारत होते. व्हर्जिनियाला शेनंडोआ नॅशनल पार्कातला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. टेक्सासला लॉस्ट मेपल्स हे पार्क, तेही नोव्हेंबरमध्ये. कोलोरॅडोचा ॲस्पेन सप्टेंबरच्या शेवटीच, आणि सगळा पिवळा. बाकी मला तिकडचं फार कळत नाही.

खायला काय न्यायचं ह्यात मात्र आपल्याला कुणी हरवू शकत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी महिनाभर टिकते, मोडत नाही अशी डब्यात भरा, चटणी कोरडी, सांडायची भीती नाही, चार किलोमीटर चढून गेल्यावर ती अशी काही लागते की विचारू नका. फक्त ग्रुपमध्ये बाहेरचं कुणी असेल तर डबा उघडायच्या आधी शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का विचारा, तिकडं हा चेष्टेचा विषय नाही, जीवावर बेततं.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी विलार्डला जाणार आहे, पहाटे पाचला निघून. गाडीत तीन जागा आहेत. चटणी तुमच्या आयांकडून, आणि कुणीतरी आत्ताच त्यांना सांगा, माझ्या बॅगेचे २३ किलो भरलेत.