जुनी स्कूल बस बघायला जाण्याआधी

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे गाडी शोधायला एप्रिलमध्येच लागा. मे संपता संपता व्यवहार झाला तर नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत पासिंग (म्हणजे फिटनेस तपासणी), परमिट, नावावर करणं, सगळं एकदम अंगावर येतं.

विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." सकाळी साडेसहाला पोचा आणि आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी एक-दोन सेल्फमध्ये लागायला हवी. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. इंजिन चालू असताना झाकण उघडल्यावर धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

"फक्त साठ हजार पळालीय" हे ऐकून हुरळू नका. स्कूल बस पळते कमी, थांबते जास्त. दर सोसायटीच्या गेटवर ब्रेक, कॉलेज रोडच्या गर्दीत पहिला-दुसरा गिअर, शाळेबाहेर इंजिन चालू ठेवून वाट बघणं. क्लच, सेल्फ आणि ब्रेक लायनरची ही झीज मीटरवर दिसत नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत तर सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यातली काजळी जळायला गाडी सलग वेगात चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही आणि तो चोंदतो. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागून मग विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याची वायर काढलीय असं समजा. गाडी त्याआधीची असेल तर कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा ती शेडमध्ये होती की उघड्यावर, हे विचारा. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर बदलायचाच.

आता पत्रा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या पहिल्या बसला नवं कोरं रबरी मॅट होतं आणि मी त्यावरच भुललो. पावसाळ्यात ओले रेनकोट, दप्तरं, छत्र्या यांचं पाणी दर वर्षी त्या मॅटखाली मुरत गेलं होतं. पासिंगच्या आधी मिस्त्रींनी शेवटच्या सीटजवळ कोपरा उचलला. प्लायवुड काळं पडलं होतं, कुजका वास आला, आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवताच पत्र्यातून आरपार खाली गेला. त्या भोकातून मला रस्त्याची खडी दिसत होती. वर रोज एक सहा वर्षांची मुलगी बसणार होती. तेव्हापासून मी मॅट उचलू न देणाऱ्याशी पुढे बोलतच नाही. गाडीखाली झोपून चॅसीवर वेल्डिंग केल्याच्या खुणा बघा. नवा काळा रंग दिसला तर तो खरवडून बघा.

संकटकालीन दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून स्वतः उघडा. गंजलेलं कुलूप किंवा दाराला आडवी टाकलेली जादा सीट मी अनेकदा पाहिलीय. सीटा मोजून आरसीवरच्या आकड्याशी जुळवा. वेगावर मर्यादा ठेवणाऱ्या स्पीड गव्हर्नरचं सील, अग्निशामकाची तारीख आणि खिडक्यांचे आडवे गज दहा मिनिटांत बघून होतात.

चालवायला आपला ड्रायव्हर बसवा आणि स्वतः शेवटच्या सीटवर बसा. त्र्यंबकपर्यंत नेऊन आणा. स्प्रिंगच्या पाट्यांचा खडखडाट आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचा घुमणारा आवाज मागेच ऐकू येतो. एअर ब्रेक असेल तर हवा भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि हवेच्या दाबाचा काटा बघा. काटा खाली सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे.

कागदांचं म्हणाल तर राज्यात स्कूल बसला १५ वर्षांची मर्यादा आहे, हे पहिलं ध्यानात ठेवा. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचं आणि पुढे दरवर्षी, म्हणजे नऊ वर्षांची गाडी घेतली तर तो खर्च दर वर्षी धरायचा. बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी मालेगावची एमएच ४१ असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते का, हे आपल्या आरटीओत आधी विचारा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर करून घ्या. बाकी ई-चलन, टॅक्स आणि विमा परिवहनच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकून तपासा, आणि ताब्याच्या तारखेपर्यंतची सगळी देणी विकणाऱ्याची, असं इसाराच्या पावतीवर लिहून घ्या.