लाटेकमधील यादीतली यादी

लाटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीमध्ये आयटमाइझ या (ठिपक्यांची यादी करणाऱ्या) एन्व्हायर्नमेंटच्या, म्हणजे सुरुवात-शेवटाच्या आज्ञांमधील भागाच्या, आत पुन्हा तेच उघडले की उपयादी तयार होते आणि चिन्ह आपोआप बदलते: पहिल्या पातळीवर भरीव ठिपका, दुसऱ्यावर आडवी रेघ, तिसऱ्यावर तारका आणि चौथ्यावर बारीक बिंदू. पाचवी पातळी उघडताच 'टू डीपली नेस्टेड' ही त्रुटी येते. माझ्या मते तिसऱ्या पातळीनंतरच मजकुराची फेरमांडणी करावी.

ओळींमधील मोकळी जागा हाताने, व्हीस्पेस ही उभ्या अंतराची आज्ञा लिहून कमी करू नये. त्याऐवजी एनमआयटेम हे पॅकेज (याद्यांसाठीची जोडसोय) घेऊन प्रस्तावनेतच, म्हणजे फाइलमध्ये मजकुराआधीच्या भागात, सेटलिस्ट या आज्ञेला नोसेप हा पर्याय द्यावा, म्हणजे सर्व पातळ्यांवरील उभे अंतर एकदम जाते. सेटलिस्टनंतरच्या चौकटी कंसात आयटमाइझ, स्वल्पविराम आणि २ असे लिहिल्यास बदल फक्त दुसऱ्या पातळीला लागू होतो.

मराठी मजकूर झीलाटेकने (संगणकावरील युनिकोड फाँट वापरणाऱ्या लाटेकच्या प्रकाराने) जुळवणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी: निवडलेल्या देवनागरी फाँटात ठिपक्याचे चिन्हच नसेल, तर यादी छापली जाते पण ठिपका दिसत नाही, आणि 'मिसिंग कॅरेक्टर' ही नोंद लॉग फाइलमध्ये सापडते. अशा वेळी लेबलमध्ये (यादीच्या चिन्हाच्या व्याख्येत) दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये बुलेट ही गणिती आज्ञा लिहावी, कारण ते चिन्ह गणिताच्या स्वतंत्र फाँटातून येते.